आप्पांचं स्टेशन कोणतं

॥ श्री ॥
पिंपळटेक,
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सुवर्णास,
संध्याताईचे अ. उ. आ. वि. वि.

आशीर्वाद अनेक आहेत आणि उत्तमही आहेत. तुझ्या साक्षीच्या साखरपुड्यात आप्पांच्या फोटोला हार तू एकटीनेच घातलास, म्हणून त्यातले काही मी काढून घेतलेले नाहीत. त्यावरून फोनवर आपण जे बोललो ते दोन्ही घरच्या माणसांनी ऐकलं आणि आईने शपथ घातली, की वर्षभर दोघींनी एकमेकींना फोन करायचा नाही. भांडायचं तर पत्रातून भांडा, पोस्टात राग निवतो. आईचं बरोबर आहे. तुझी शेवरेवाडी माझ्या पिंपळटेकच्या पुढचंच स्टेशन, मधे एक पूल आणि मळे. पण पत्र आधी नाशिकरोडला जातं, तिथे मुक्काम करतं आणि मग माझ्याकडे येतं. तेवढ्यात माणूस निवतंच.

तर बातमी. नवी लाईन येते आहे हे तुला माहीत असेल. तिच्यासाठी आपल्या दोन्ही गावांची जुनी दगडी स्टेशनं पाडणार होते. आता असं ठरतंय की दोन्ही इमारती एकाच नकाशावरच्या, जुळ्या बहिणींसारख्या; तेव्हा एक ठेवायची, तिच्यात लहानसं संग्रहालय करायचं, आणि दुसरी पाडायची. कोणती ठेवायची ते ठरवायला जुन्या वास्तूंच्या जाणकार बाई मुंबईहून येणार आहेत.

इथे लगेच बैठक झाली, पिंपळटेक स्टेशन बचाव समिती स्थापन झाली आणि अध्यक्ष म्हणून माझं नाव आलं. मी नको म्हणाले. फार वेळ म्हणाले नाही, नाहीतर लोकांना ते खरं वाटतं.

आप्पांचं स्टेशन कोणतं, हा प्रश्न नव्याने सोडवायची गरज नाही. त्यांची नोकरी इथे सुरू झाली. मी इथल्या क्वार्टरमध्ये जन्मले. रुळाच्या तुकड्याची ती घंटा आणि तिची हातोडी अजून इथेच आहे. स्टेशनवरचा फकिरा खलाशी मला कडेवर घ्यायचा, आप्पा मान हलवायचे, मी हातोडी मारायचे आणि भुसावळची पॅसेंजर निघायची. आत बसलेल्या एकाही माणसाला माहीत नसायचं की आपली गाडी परकरातल्या एका मुलीने सोडली आहे.

आप्पांची टोपी, हिरवी झेंडी आणि वेताची खुर्ची तुझ्याकडे पडून आहे ती पाठवून दे. बाईंना दाखवायला हवी.

कळावे. लोभ आहे तसाच राहू दे, टोपी मात्र पाठव.

तुझी,
संध्याताई


॥ श्री ॥
शेवरेवाडी,
बुधवार, १२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सुवर्णाचा शि. सा. न. वि. वि.

तू अध्यक्ष झालीस हे वाचून इतका आनंद झाला की पत्र दोनदा वाचलं, एकदा बसून आणि एकदा उभ्याने. योगायोग असा, की आमचीही समिती झाली आहे, तुमच्या आधीच्या आठवड्यात. अध्यक्ष मीच. मला नको म्हणायला कुणी वेळच दिला नाही.

आमच्या पत्रकात आम्ही छापलं आहे की आप्पा पिंपळटेकला काम शिकले आणि शेवरेवाडीला मास्तर झाले. चुकीचं असेल तर सांग. तिकडे ते असिस्टंट होते. इथे बदली झाली ती बढतीवर, आणि इथूनच ते निवृत्त झाले. साऱ्या गावाने त्यांना घरापर्यंत वाजतगाजत आणलं. तू आली होतीस त्या दिवशी, पण पाहुणी म्हणून. जेवलीस आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस.

टोपी आणि झेंडी पडून नाहीत. त्या काचेच्या कपाटात आहेत. खुर्चीवर आई बसते. खुर्ची हवी असेल तर आईसकट न्यावी लागेल, आणि आई म्हणते तूर्त नको, तुझ्याकडे संडास लांब आहे.

बाई २७ तारखेला येणार, सकाळी तुमच्याकडे आणि दुपारी आमच्याकडे. आमच्या सरपंचांनी नाशिकहून ऑइलपेंटचे डबे आणले आहेत, आकाशी आणि गुलाबी. दगड फार काळवंडला आहे. पाहुणे यायचे म्हणजे भिंतीला हात फिरवायलाच हवा. साक्षीचं मत वेगळं आहे, पण तिचं लग्न होईपर्यंत तिचं मत वेगळंच असणार.

दाजींच्या गुडघ्याला आता कसं आहे? त्यांना ओवा शेकायला सांग.

कळावे. मायेत कमी करू नकोस. मी मोजत नाही, पण आई मोजते.

तुझी,
सुवर्णा


॥ श्री ॥
पिंपळटेक,
सोमवार, १७ नोव्हेंबर

चि. सौ. सुवर्णास,
अ. आ. (उत्तम हा शब्द या खेपेला वगळला आहे, गैरसमज नसावा.)

आकाशी आणि गुलाबी. वाचून डोळ्यांपुढे अंगणवाडी उभी राहिली. चांगलं दिसेल. मुलं येतील बागडायला.

आमच्याकडे तुझं पत्र समितीत वाचून दाखवलं. शेवरेवाडीने रंग आणला आणि आपण अजून झाडूच मारतोय, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसायला लागलं. मग ह्यांनी डोकं लढवलं. आपला द्राक्षबागेला औषध मारायचा ब्लोअर आहे ना, ट्रॅक्टरमागे जोडायचा, त्याच्या टाकीत रंग पातळ करून ओतायचा आणि इमारतीभोवती ट्रॅक्टर फिरवायचा. सकाळी सुरू केलं की दुपारच्या शटलआधी काम खलास. ब्रशने रंगवणाऱ्यांनी रंगवत बसावं. येत्या रविवारचा मुहूर्त धरला आहे. मोरपंखी अंग, सोनेरी कड आणि वर लाल कौलं. समोरच्या भिंतीवर आप्पांचं चित्र, आपल्या झिपरू पेंटरच्या हातचं. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर वाघ काढतो तोच.

आप्पा इथे असिस्टंट होते हे तुम्ही छापलंत ते बरं केलंत. असिस्टंट सगळी कामं करतो आणि मास्तर सह्या करतो, हे कुणालाही ठाऊक आहे. तुला सह्या करणारे आप्पा मिळाले. मला गाड्या सोडणारे.

आई मोजते हे वाचून मौज वाटली. माझ्याकडे असते तेव्हा तिला कुणाची माया मोजायला सवड नसते, शेंगा निवडायच्या असतात. तिला सांग, संडास आता घरात आहे, टाइल्सचा. दिवाळीतच झाला. दोन महिने तिला तुझ्याकडे राहू दिलं म्हणजे ती तुझीच झाली असं नाही.

कळावे. लोभ चालू ठेवावा, रंग वाळेपर्यंत तरी.

संध्याताई


॥ श्री ॥
शेवरेवाडी,
गुरुवार, २० नोव्हेंबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ताच हाती आलं, म्हणून घाईने लिहिते आहे.

साक्षीने माझ्या नकळत त्या बाईंना मेल केला आणि विचारलं की दगडाला रंग देऊ का. त्यांचं उत्तर आलं, की कृपा करून काही लावू नका. दगड काळा पडला असेल तर पडू द्या. ऑइलपेंट एकदा दगडात मुरला की निघत नाही. काढायला जावं तर दगडाचंच साल निघतं, आणि अशी इमारत मग त्यांना जपण्यासारखी धरताच येत नाही. आमच्या सरपंचांचा चेहरा पडला. डबे परत कोण घेणार? शेवटी मारुतीच्या पाराला लावले. शेंदरी मारुती आता गुलाबी पारावर आकाशी कठड्यात बसला आहे आणि त्याची काही तक्रार नाही.

तेव्हा ताई, रविवारचा मुहूर्त टाळ. ब्लोअर बागेत राहू दे.

बाकी आईची तब्येत ठीक. झेंडू यंदा बरा आला आहे. आमच्या बायका सकाळच्या शटलने नाशिकला फुलांच्या पाट्या नेतात, त्यात दोन माझ्याही असतात.

कळावे. घाईत लोभाबद्दल लिहायचं राहिलं तरी तो आहे असं धरावं.

सुवर्णा


॥ श्री ॥
पिंपळटेक,
शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सौ. सुवर्णास,

तुझं घाईचं पत्र मंगळवारी पोचलं. तोवर आमचं स्टेशन मोरपंखी झालं होतं.

रंगवायचं काम ह्यांनी म्हटल्यापेक्षाही लवकर झालं. वारा होता, त्यामुळे थोडं जास्तच झालं. कडुनिंबाचा अर्धा बुंधा, प्लॅटफॉर्मचे दोन बाक, गावाच्या नावाच्या पाटीची एक बाजू आणि फुलाबाईच्या शेळ्या असं सगळं मोरपंखी आहे. फुलाबाई भांडायला आली, पण शेळ्यांकडे बघता बघता तिला त्या आवडायला लागल्या आणि ती चहा पिऊन गेली. तुला खोटं का सांगू, रविवारी संध्याकाळी कलत्या उन्हात ते स्टेशन असं चमकत होतं की मी त्याच्यासमोर बाकावर बसून राहिले. पातळाला रंग लागला तेही कळलं नाही. मनात म्हटलं, आता सुवर्णाने यावं आणि बघावं.

मंगळवारी पत्र वाचलं. रात्रीपासून गावातल्या बायका रॉकेल आणि तारेचा घासा घेऊन भिंतीला भिडल्या. दार आणि खिडकी यांच्यामधला पट्टा निघाला. म्हणजे रंग निघाला नाही, फिका झाला, आणि दगडाला देवी निघाल्यासारखं दिसायला लागलं.

गुरुवारी बाई आल्या. इमारतीपुढे उभ्या राहिल्या, चष्मा काढला, पुसला, परत घातला. काही वाईट बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मग आप्पांच्या चित्रापुढे आल्या आणि हे कोण म्हणून त्यांनी मला विचारलं. झिपरू पेंटरने आप्पांना मिशा दिल्या आहेत, अशा, की तिकीट नसलेला माणूस गाडीतून उडी टाकेल. आप्पांनी जन्मात मिशी ठेवली नाही. मी म्हटलं, माझे वडील. त्यांनी चित्राला हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता तुझ्याबद्दल. पत्रावर तारीख गुरुवारची आहे. पाकिटावर तुमच्या पोस्टाचा शिक्का शनिवारचा. घाईचं पत्र दोन दिवस कुठे वाट बघत होतं? बरं, तेही सोड. तुमच्या गावची दूधगाडी रोज सकाळी माझ्या दारावरून जाते. त्याच ड्रायव्हरच्या हाती तू मला मेथीच्या जुड्या पाठवतेस आणि मी आईच्या गोळ्या पाठवते. चार ओळींची चिठ्ठी त्याला जड झाली असती का?

उत्तर आलं नाही तरी चालेल.

संध्या


॥ श्री ॥
शेवरेवाडी,
गुरुवार, ४ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. यातला साष्टांग या वेळी खरोखरचा समज.

निर्णय काल आला. शेवरेवाडीचं स्टेशन राहणार. गावाने फटाके लावले, सरपंचांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. तो बराच वेळ तोंडात तसाच होता.

शपथ फोनची होती, दूधगाडीची नव्हती, हे मला कळत होतं. शुक्रवारी सकाळी ती दारात उभी होती. हे म्हणालेसुद्धा, की ताईंना चिठ्ठी दे, त्या रविवारी रंगवतायत. मी म्हटलं, आईने पत्र सांगितलं आहे, पत्रच जाईल. गाडी गेली. पत्र मी शनिवारी पेटीत टाकलं. तुझं स्टेशन पडावं असं माझ्या मनात नव्हतं, हे तू मानशील की नाही माहीत नाही. मला एवढंच हवं होतं की एकदा तरी तू उशिरा पोचावीस.

तू माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तुझे आप्पा तरुण होते. ते ड्यूटीवर नाट्यगीतं म्हणायचे असं तू सांगतेस. माझ्या वाट्याला आले ते पाठीला बाम चोळून घेणारे. मीही पिंपळटेकलाच वाढले, पण घंटेखाली उभी राहिले की फकिरा म्हणायचा, ताई वाजवतील, तुमचा हात पोचत नाही. मला कडेवर घ्यायचं त्याच्या कधी मनातच आलं नाही, आणि तुझ्याही आलं नाही. तुझं लग्न झालं तेव्हा मी दहा वर्षांची. वाटलं, आता आपली पाळी. त्या पावसाळ्यानंतर माझा हात पोचायला लागला आणि त्याच दिवाळीत आमची इकडे बदली झाली. इथली घंटा आप्पा यायच्या आधीच कुणी भंगारात विकली होती. नुसता हुक होता. तो मी किती वर्षं बघितला आहे.

म्हणून पुढचं लिहायला हात धजत नाही, पण समितीची अध्यक्ष म्हणून लिहावं लागतं. बाईंचं म्हणणं आहे की पिंपळटेकची घंटा इथल्या हुकाला लावावी. तुमची इमारत पाडतील तेव्हा ती पाठवशील का?

कळावे. लोभ मागायला आज तोंड नाही.

सुवर्णा

ता. क. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. पण ती दोन दिवस माझ्याकडे बघून नुसती हुं म्हणते.


॥ श्री ॥
पिंपळटेक,
गुरुवार, ११ डिसेंबर

चि. सौ. सुवर्णास, आ.

घंटा मिळणार नाही.

तुझा हात पोचत नव्हता यात माझा काही अपराध नाही. तू उशिरा जन्मलीस, त्याला माझी कुठली दूधगाडी जबाबदार नव्हती. लहान म्हणून तुला काय कमी मिळालं ते तरी लिही. मला स्टेशनवरच्या घंटेला हात लावायला मिळायचा. तुला आप्पा शाळेत सोडायला यायचे, डोक्यावर छत्री धरून. मला कधी कुणी सोडायला आलं नाही. मी मोठी होते. माझ्या लग्नात आप्पा मांडवातून उठून गाडीला झेंडी दाखवायला गेले, असिस्टंट होते ना. तुझ्या लग्नाला त्यांनी आठवडाभर रजा काढली. मी ते काही बोलले का? तीस वर्षांत नाही बोलले, आज बोलते आहे, कारण पत्राला टपाल हशील सारखंच पडतं.

आता माझ्याकडची बातमी. काल रेल्वेची माणसं मोजमाप करायला आली होती. तुमच्याकडे जुनी इमारत जागची हलवायची नाही, म्हणून नवा प्लॅटफॉर्म बसत नाही. आमच्याकडे इमारत जाते, म्हणून बसतो. तेव्हा नव्या वर्षापासून शटल एकाच ठिकाणी थांबणार, ते म्हणजे पिंपळटेकला. तुला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. पत्राने सांगते आहे, दूधगाडीने नाही.

तुझ्याकडे स्टेशन असेल, गाडी नसेल. माझ्याकडे गाडी असेल. बघू, लोक कशात बसून नाशिकला जातात.

कळावे. लोभाचं म्हणशील तर तोही आता माझ्याच गावाला थांबेल.

संध्याताई


॥ श्री ॥
शेवरेवाडी,
सोमवार, २२ डिसेंबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस ते खरं निघालं. इथे थांबा जाणार हे कळल्यापासून मला गावात तोंड दाखवायला जागा नाही. पंधरा दिवसांपूर्वी ज्या बायका माझ्या गळ्यात हार घालत होत्या, त्याच आता पाट्या घेऊन माझ्या ओट्याशी येतात. फुलं काय म्युझियमला वाहायची, असं एकीने सुनावलं. दुसरी म्हणाली, अध्यक्षीणबाईंनी लय उपकार केले, स्टेशन राखलं नि गाडी घालवली. मलासुद्धा सकाळी शटलचा आवाज आला की वाटतं, आणखी थोडे दिवस, मग ही माझ्या पुढून निघून जाणार आणि जाऊन तुझ्याकडे थांबणार. इतकी वर्षं मी तुझ्या घंटेवर जळले, आता गाडीवर जळते आहे. जळणाला माझ्याकडे तोटा नाही.

परवा मी आईला सरळ विचारलं. ती आप्पांच्या खुर्चीवर बसून वाल सोलत होती. म्हटलं, खरं सांग, आप्पांचं स्टेशन कोणतं, ताईचं की माझं? तिने वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, कुठलंच नाय. त्यांना दोन्ही स्टेशनांचा कंटाळा होता. दर वर्षी ते मनमाडच्या बदलीचा अर्ज द्यायचे, दर वर्षी तो परत यायचा, मग दोन दिवस जेवायचे नाय. मनमाडला गाड्या थांबतात, माणसं उतरतात, पोटभर जेवतात, चार गोष्टी बोलतात. इथं नुसत्या जातात, असं म्हणायचे. तुम्ही दोघी त्यांना बिलगायच्या म्हणून तेवढं निभलं.

आईने सोललेले वाल पुढ्यात सारले आणि म्हणाली, भांडा आता मनमाडशी.

आई संक्रांतीनंतर तुझ्याकडे यायचं म्हणते. टाइल्सचं तिला मी सांगितलं होतं. खुर्चीही बरोबर आणते म्हणते.

संग्रहालयाचं उद्घाटन २६ जानेवारीला आहे. हुक मोकळाच राहील, मी त्याबद्दल आता काही म्हणणार नाही. तू मात्र ये.

कळावे. लोभ थोडा असेल तर थोडाच पाठव, पण दूधगाडीने पाठव.

तुझी,
सुवर्णा


॥ श्री ॥
पिंपळटेक,
शुक्रवार, १६ जानेवारी २०२६

चि. सौ. सुवर्णास,
अ. उ. आ. वि. वि.

तिळगूळ वेगळा पाठवला आहे. गोड बोलायचं तू तुझ्यापुरतं बघ.

आमचं स्टेशन सोमवारी पडलं. जेसीबीला फार वेळ लागला नाही. आप्पांच्या चित्राची भिंत सगळ्यात शेवटी गेली, मिशांसकट. मला वाटलं होतं मी तिथे रडेन, पण त्या मिशांकडे बघून रडू येईना. घरी आल्यावर आलं. ह्यांनी विचारलं नाही, चहा केला, साखर विसरले. आता तिथे पत्र्याची शेड आहे. तिच्याखाली गाडी थांबते, हे खरं. पण गाडीतून उतरणारा माणूस इकडेतिकडे बघतो आणि आपण कुठे उतरलो हे त्याला पाटी वाचून कळतं. तुझं स्टेशन परवा गाडीतून जाताना पाहिलं. काळं कुट्ट, गंभीर, आमच्या स्टेशनसारखंच. म्हणजे रंगाच्या त्या रविवारच्या आधीच्या. गाडी पुढे गेली तरी मी मान वळवून बघत होते, समोरच्या बाईला वाटलं माझी मान आखडली आहे.

मनमाडचं वाचून मी दोन दिवस जेवले नाही. ती खोड मला कुणाकडून आली तेही त्याच पत्रात कळलं. एवढी वर्षं आपण दोघी एकमेकींचा हेवा करत बसलो, आणि ज्याचा करायचा ते तिकडे जंक्शन होऊन बसलंय. आईला घेऊन एकदा जाऊ. तिघी. माझ्या थांब्यावरून बसायचं, तेवढा मान माझा.

तुमच्या फुलवाल्या बायकांना सांग, दूधगाडीत पाट्यांना जागा असते. मी ड्रायव्हरशी बोलले आहे. सकाळी त्यांनी माझ्या ओट्यावर टेकावं आणि शटल पकडावी. चहा मिळेल. त्यांनी माझ्याकडे तुझी निंदा केली तर मी ऐकून घेईन, अडवणार नाही.

घंटा आजच्या दूधगाडीने निघाली आहे, हे पत्र तुला मागाहून मिळेल. पोत्यात बांधली आहे. कॅनना लागू नये म्हणून ड्रायव्हर शिव्या देत गेला. हुकाला लावून घे. तिला रंग लागलेला नाही. त्या दिवशी ब्लोअर सुरू व्हायच्या आधी मी तिच्यावर माझं जुनं पातळ गुंडाळलं होतं. का, ते विचारू नकोस.

हातोडी पाठवलेली नाही. ती माझ्याकडेच राहील. घंटा शेवरेवाडीची असेल, पण ती वाजवायची असली की मला बोलवावं लागेल, असं मी ठरवलं आहे. तुझ्या बाईंना हे नियमात बसत नसेल तर त्यांनी मला पत्र लिहावं. फोन नको.

२६ तारखेला सकाळी परतीच्या दूधगाडीने येते. हातोडी माझ्या पिशवीत असेल. पहिला ठोका तू मार, आता हात पोचतो. दुसरा मी मारीन. मग हातोडी परत पिशवीत.

कळावे. लोभ मी रोखून धरलेला नव्हता, रंग लागू नये म्हणून घंटेसारखाच जरा झाकून ठेवला होता.

तुझी,
संध्याताई